हिरव्या रंगाचा भाव

माझ्या मामाला ऑफिसात सगळे ‘टेप’ म्हणायचे आणि हे नाव त्यानं स्वतःच्या कर्तृत्वानं मिळवलं होतं. खिशात एक वेळ रुमाल नसेल, पण पाच मीटरची पोलादी टेप असायचीच. कपाट घ्यायला गेलो की दुकानदार बिचारा मापं सांगत असायचा आणि मामा त्याच्याकडे पाठ करून स्वतः मोजत असायचा. माझी एक मैत्रीण पहिल्यांदा घरी आली तेव्हा त्यानं तिला नाव विचारलं नाही. ‘तुमची बाहेरची खोली किती बाय किती?’ असं विचारलं. ती पुन्हा आली नाही.

मला त्याचा राग यायचा. आता तो नाही, तरी येतो. त्यातला निम्मा राग माझा माझ्यावरच आहे, म्हणून हे लिहायला बसले आहे.

बाबा गेले तेव्हा मी चार वर्षांची होते. मामा ‘थोडे दिवस’ म्हणून एक बॅग घेऊन आला आणि मागच्या खोलीत कायमचा राहिला. लग्न केलं नाही. सकाळी साडेनऊला डबा घेऊन निघायचा, पावणेसहाला परत. आई त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. तो तिला ताई म्हणायचा आणि तिला वचकूनही असायचा. बाहेर भल्याभल्यांना न जुमानणारा हा माणूस आईनं नुसतं ‘अरे’ म्हटलं तरी वर्तमानपत्र खाली ठेवायचा.

त्याचं काम म्हणजे सरकारी जागांची किंमत ठरवणं. नगरपालिकेला, शाळाखात्याला किंवा पाणीखात्याला आपली जागा विकायची असली, किंवा दुसऱ्याची घ्यायची असली, की फाइल त्याच्या टेबलावर यायची. तो जागेवर जायचा, मोजायचा, आजूबाजूला काय भाव चालू आहे ते बघायचा आणि आकडा लिहायचा. तो रिपोर्ट मग वरच्या कचेरीत जायचा. तिथे एखादी शंका निघाली तर समासात लाल शाईनं प्रश्न लिहून फाइल परत यायची. सगळ्यांच्या यायच्या. साहेबांच्यासुद्धा यायच्या. मामाची बत्तीस वर्षांत एकही आली नव्हती. तो स्वतः हे कुणाला सांगायचा नाही, पण दुसऱ्या कुणाची फाइल परत आल्याची बातमी सांगताना त्याच्या चेहऱ्यावर पोटभर जेवल्यासारखी कळा यायची.

त्याच्या खोलीत शहराचा जुना नकाशा भिंतीला लावलेला होता. राहण्याच्या जागा पिवळ्या, दुकानांच्या निळ्या आणि सार्वजनिक वापराच्या हिरव्या. मी बारा-तेरा वर्षांची असताना त्याला विचारलं होतं, “मामा, हिरव्या जागा स्वस्त का? तिथे तर झाडं असतात.”

“झाडांचा संबंध नाही. तिथे बांधता येत नाही. बांधता येत नाही म्हणून कुणी घेत नाही, आणि कुणी घेत नाही म्हणून भाव नाही.” एवढं बोलून तो उठला आणि नकाशावर बोट ठेवलं. “पण खरी गंमत पुढेच आहे. ही जागा हिरवी का? नगरपालिकेची आहे म्हणून. उद्या तिनं ही विकली, तर घेणारा काय तिथे फुलपाखरं पाळणार आहे? तो अर्ज करणार, झोन बदलून घेणार. म्हणून अशी जागा विकायला निघाली की तिचा आजचा रंग बघायचा नाही, शेजाऱ्यांचा बघायचा. शेजारी पिवळे असतील तर ही उद्या पिवळी होणार. मग पिवळ्याचा भाव धरायचा. रंग बदलायला लागणारा वेळ, खर्च आणि धाकधूक, तेवढं त्यातून कमी करायचं.”

“आणि असं नाही केलं तर?”

“तर लोकांची जागा फुकापासरी जाते,” मामा म्हणाला. नवीन लागलेल्या माणसांनाही तो हेच शिकवायचा. त्याला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही, हे कळावं म्हणून इतकं सविस्तर सांगितलं.

आई नगरपालिकेच्या रोपवाटिकेत मुकादम होती. पाण्याच्या टाकीमागे अडीच एकर जागा. हिरव्या जाळीखाली काळ्या पिशव्यांतल्या रोपांच्या रांगा, एका कडेला खताचे खड्डे, आणि टिनाची एक खोली जिच्यात खुरपी, झाऱ्या आणि अकरा बायकांचे डबे. शहरातल्या रस्त्यांवरचं जवळजवळ प्रत्येक झाड तिथे पिशवीत वाढलेलं. शाळेतल्या प्रत्येक मुलाला वर्षाला एक रोप फुकट. बसमधून जाताना आई खिडकीबाहेर बघून पुटपुटायची, “हे आपलं. हे पण आपलं. हे मेलं दुसरीकडनं आणलंय, बघ कसं वाकडं आलंय.” मला बसमध्ये लाज वाटायची. बाकीच्यांच्या आया बसमध्ये झोपायच्या.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना मामाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ऑपरेशनला दोन महिने होते. ऑफिसातली टायपिस्ट बाळंतपणाच्या रजेवर. म्हणून तो रिपोर्ट हातानं लिहून घरी आणायचा आणि मी आमच्या कॉम्प्युटरवर टाइप करायचे. पानामागे एक आइस्क्रीम असा आमचा करार होता.

एका शनिवारी दुपारी मी असाच एक रिपोर्ट टाइप करत होते. क्षेत्र अडीच एकर. झोन सार्वजनिक. पूर्वेला पाण्याची टाकी. उत्तर, दक्षिण आणि पश्चिम या तिन्ही बाजूंना रहिवासी इमारती. माझी बोटं थांबली.

“मामा, ही आईची रोपवाटिका आहे.”

“प्लॉट नंबर एकशे चौदा आहे,” मामा म्हणाला.

“विकणार आहेत?”

“ऑफिसची गोष्ट ऑफिसात. टाइप कर.”

मी टाइप केलं. दुसऱ्या पानाच्या शेवटी परिच्छेद होता. तो मला अजून पाठ आहे. ‘सदर जागेचा सध्याचा झोन केवळ सार्वजनिक मालकीमुळे आहे. मालकी बदलल्यास झोन बदलण्याची दाट शक्यता असून तिन्ही बाजूंच्या रहिवासी जागांचा भाव विचारात घेऊन मूल्य ठरवणे उचित होईल.’ खाली दोन आकडे होते. एक हिरव्याचा, दुसरा होऊ घातलेल्या पिवळ्याचा. दुसरा पहिल्याच्या आठपट होता. मला हायसं वाटलं. जागा गेली तरी भरपूर पैसे येतील, त्यात दुसरी चांगली जागा येईल, असा माझा साधा हिशेब.

मंगळवारी मामा ऑफिसातून आला तोच माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. बूटही काढले नव्हते.

“तो शेवटचा परिच्छेद काढायचाय. आणि दुसरा आकडा.”

“का?”

“साहेब म्हणाले, फॉर्ममध्ये आजचा झोन विचारलाय, उद्याचा नाही. उद्याचं लिहिलं तर वरून प्रश्न येईल. फाइल परत येईल.”

“येऊ दे की. तूच तर सांगतोस ना, शेजाऱ्यांचा रंग…”

“ताई तिथे कामाला आहे,” मामा माझं वाक्य तोडून म्हणाला. “लोक म्हणतील, बहिणीसाठी भाव चढवला. मी बत्तीस वर्षांत कुणाच्या बाजूनं लिहिलेलं नाही. तिच्या बाजूनं तर नाहीच नाही.”

हे असं होतं बघा. बहिणीची बाजू घेतल्याचा संशय नको म्हणून त्यानं खरी गोष्टच काढून टाकायचं ठरवलं, आणि त्याला ते निःपक्षपाती वाटत होतं. मला तेव्हाच ओरडायला हवं होतं. आईला हाक मारायला हवी होती. ती चार पावलांवर स्वयंपाकघरात कांदे चिरत होती. पण माझी मैत्रीण बाहेर स्कूटर घेऊन उभी होती, साडेसहाचा सिनेमा होता आणि रिपोर्टच्या तीन ओळी तिसऱ्या पानावर जात होत्या म्हणून मी आधीच वैतागले होते. परिच्छेद निवडला, बटण दाबलं. रिपोर्ट बरोबर दोन पानांत बसला. मला बरं वाटलं, हे मी लपवणार नाही. मामानं सही केली, मी सिनेमाला गेले. सिनेमा काय होता ते आठवत नाही.

फाइल परत आली नाही.

पुढे सगळं रीतसर झालं. नगरपालिकेनं ठराव केला की रोपवाटिकेची जागा विकायची आणि येणाऱ्या रकमेतून त्याच भागात नवी जागा घेऊन रोपवाटिका तिथे हलवायची. आई खूश होती. “जुनी जाळी फाटलीच आहे,” ती म्हणायची, “नव्या जागेत नळ मध्यभागी घ्यायचा, म्हणजे पाइप ओढत फिरायला नको.” हजेरीवहीच्या मागच्या कोऱ्या पानावर तिनं नव्या रोपवाटिकेचा नकाशाही काढला आणि एक दिवस जेवताना मामाच्या पुढ्यात ठेवला. “अरे, तू मापातला माणूस. बघ बरं, रांगा बरोबर बसतात का?” मामानं टेप काढली नाही. चष्मा पुसला, कागद उलटा-सुलटा केला आणि “बसतात” म्हणाला. त्यानं न मोजता उत्तर दिलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

जागा हिरव्याच्या भावात एका बांधकामवाल्यानं घेतली. तीन महिन्यांत त्यानं झोन बदलायचा अर्ज केला. वर्तमानपत्रात नोटीस आली की कुणाची हरकत असेल तर तीस दिवसांत लेखी कळवावी. मामानं ती नोटीस कात्रीनं कापली, कडा सरळ, आणि आपल्या टेबलाच्या काचेखाली ठेवली. मी रोज ती काच पुसायचे. रोज वाटायचं, आज लिहील. एकदा त्यानं कोरा कागद घेऊन वर तारीख घातलेलीही मी पाहिली. तीस दिवस झाले आणि एकतिसाव्या दिवशी नोटीस काचेखाली नव्हती. आम्ही दोघं एकमेकांच्या नजरेला नजर न देता चहा प्यायलो.

जागा पिवळी झाली.

आणि मग व्हायचं तेच झालं. रोपवाटिकेसाठी नवी जागा बघायची फाइल मामाकडेच आली. जागा जुन्या जागेपासून चारशे पावलांवर, रहिवासी. ‘टेप’नं ती मोजली, आजूबाजूचे भाव पाहिले आणि आकडा लिहिला. अचूक लिहिला. पिवळ्याला पिवळ्याचा भाव. विकताना एक फूटपट्टी, घेताना दुसरी, आणि दोन्हींखाली तीच सही. विक्रीच्या पैशात जेवढी जागा येत होती ती जेमतेम पाव एकर होती. नगरपालिकेनं नवीन ठराव केला की रोपवाटिकेची गरज नाही, रोपं बाहेरून विकत घेऊ. अकरा बायकांना रस्त्यांमधल्या दुभाजकांवरची झुडपं छाटायला पाठवायचं ठरलं. आईच्या निवृत्तीला तीन वर्षं होती. तिलाही कात्री मिळाली.

ही फाइलही परत आली नाही.

ज्या दिवशी आईला बदलीचं पत्र मिळालं त्या दिवशी तिनं जेवायला वाढलं आणि स्वतः उभीच राहिली.

“अरे, जागेचा भाव कुणी काढला होता?”

मामानं मान खाली घातली. “मी.”

“ते तिथे इमारत बांधणार हे ठाऊक होतं तुला?”

“ताई, तेव्हा ती जागा हिरव्या झोनमध्ये होती.”

“मी ते नाही विचारलं.”

मामा भात कालवू लागला. आईनं वाट पाहिली. मग आपलं ताट उचलून ती बाहेरच्या खोलीत जाऊन जेवली. त्यानंतर दोन महिने ती त्याच्याशी बोलली, पण कामापुरतं. ‘दूध आलंय.’ ‘दार ओढून घे.’ ‘अरे’ मात्र बंद झालं. मामा संध्याकाळी वर्तमानपत्र धरून बसायचा आणि अधूनमधून उगाचच खाली ठेवून तिच्याकडे बघायचा.

बाहेर तर लोकांनी त्याची पुरती शोभा केली. सलूनमध्ये कुणी म्हणालं, टेपनं नव्या इमारतीत फ्लॅट मारलाय. कुणी म्हणालं, एक नाही, दोन. मामा केस अर्धवट कापलेले असतानाच उठून आला. मी चिडून म्हटलं, “तोंडावर का नाही सांगितलंस की एक पैसा घेतला नाही म्हणून?” तो आरशासमोर उभा राहून एका बाजूचे केस हातानं दाबत म्हणाला, “काय सांगू? पैसे घेतले असते तर निदान कशासाठी केलं ते तरी सांगता आलं असतं.” मला हसू आलं नाही. तो पाण्याच्या टाकीवरून जायचं टाळून लांबच्या रस्त्यानं ऑफिसला जाऊ लागला. अकरा मिनिटं जास्त लागतात, हे त्यानंच एकदा सांगितलं.

रोपवाटिकेच्या शेवटच्या दिवशी बायकांनी छोटासा निरोपसमारंभ ठेवला. उरलेली रोपं शाळांना वाटून झाली होती, जाळी उतरवली होती, मोकळ्या वाफ्यांत प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. चहा होता, बिस्किटं होती. नगरपालिकेतून एक अधिकारी येऊन पाच मिनिटं बोलून गेले. मामाला कुणी बोलावलं नव्हतं. तो आला आणि मागे खताच्या खड्ड्यापाशी उभा राहिला. पण आईच्या हाताखालच्या एका म्हाताऱ्या बाईनं त्याला पाहिलं. “अगं, मुकादमबाईंचे भाऊ आलेत! या की, दोन शब्द बोला!” तिला बिचारीला काहीच ठाऊक नव्हतं.

मामा पुढे आला. मला वाटलं, पळून जाईल. त्यानं खिशात हात घातला. टेप निघाली, ती त्यानं परत ठेवली आणि दुसऱ्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्याच्याच अक्षरातला, पहिला, हातानं लिहिलेला. तो वाचू लागला.

“सदर जागेचा सध्याचा झोन केवळ सार्वजनिक मालकीमुळे आहे. मालकी बदलल्यास झोन बदलण्याची दाट शक्यता असून…”

त्यानं शेवटपर्यंत वाचलं. दोन्ही आकडेही वाचले. मग म्हणाला, “हे मी लिहिलं होतं. आणि मीच काढलं. हे राहिलं असतं तर तुमची रोपवाटिका राहिली असती.” शेवटचं वाक्य इतकं पुटपुटत आलं की पहिल्या रांगेच्या पुढे ते पोचलंच नाही.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, जागेबद्दल काहीतरी चांगलं बोलला. म्हाताऱ्या बाईनं तर डोळे पुसले आणि त्याच्या हातात बिस्किटांची बशी दिली. तो बशी धरून उभा राहिला. आयुष्यात मी कुणाला इतकं शरमलेलं पाहिलं नाही. त्याला शिव्या मिळायला हव्या होत्या आणि मिळाली बिस्किटं.

आई पहिल्या रांगेत होती. तिला सगळं ऐकू आलं होतं आणि सगळं कळलं होतं.

बायका गेल्यावर आम्ही तिघंच उरलो. आई नळाला लावलेला पाइप सोडवत होती. मी तो गुंडाळायला घेतला. मामा बशी घेऊन तसाच उभा.

“का काढलंस?” आईनं पाठमोरी राहूनच विचारलं.

“फाइल परत आली असती.”

आईनं नळ घट्ट केला. मग वळली. “आली असती तर आली असती. फाइलच ना ती? माझी रोपं किती वेळा परत आली शाळांमधून, सुकून, मोडून. मी पुन्हा लावली. काय बिघडलं माझं?”

मामा बशीतली बिस्किटं एका रांगेत लावत राहिला. आईनं ती बशी त्याच्या हातून काढून घेतली.

“अरे,” ती म्हणाली. दोन महिन्यांनी पहिल्यांदा. “मला एकदा तरी सांगायचंस. घरात. मी गेले असते वर भांडायला. मी गेले असते की नाही?”

“गेली असतीस,” मामा म्हणाला आणि रडू लागला.

आईनं बशी खुर्चीवर ठेवली. मग तिला काहीतरी आठवलं. तिच्या कपाळावर आठी पडली. “तेव्हा तुझे डोळे अधू होते. रिपोर्ट टाइप कुणी केला होता?”

माझ्या हातातला पाइप थांबला. मामानं माझ्याकडे पाहिलं नाही. क्षणभरही पाहिलं नाही. एक इंच इकडचा तिकडे न करणारा माणूस, आयुष्यभर कुणाच्या बाजूनं न लिहिलेला.

“ऑफिसात,” तो म्हणाला. “टायपिस्टनं.”

टायपिस्ट त्या महिन्यात रजेवर होती हे आईला माहीत होतं की नाही, मला माहीत नाही. तिनं पुन्हा विचारलं नाही. आणि मी मान खाली घालून पाइप गुंडाळत राहिले.